किती वर्षांची सही?

सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. या लेखातला हॉकी म्हणजे ध्यानचंदांचा, मैदानावरचा हॉकी नव्हे. हा बर्फावरचा हॉकी, पायात धारदार पात्यांचे बूट चढवून खेळायचा. माझी मुलगी कॅनडात एडमंटनला असते. तिच्याकडे दोन हिवाळे काढले. बाहेर उणे पंचवीस-तीस तापमान असताना माझ्यासारख्या म्हाताऱ्याने घरात बसून करायचं काय? टीव्ही लावला की हॉकी, वर्तमानपत्र उघडलं की हॉकी. खरं सांगायचं तर तो खेळ मला फारसा कळला नाही. ती काळी चकती कुठून कुठे गेली हेच डोळ्यांना दिसत नसे. पण खेळाइतकीच एका दुसऱ्या गोष्टीवर तिथे हिरिरीने चर्चा चाले, आणि ती मात्र मला चटकन कळली. वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूने क्लबशी करार करायचा तो आठ वर्षांचा करावा की दोन वर्षांचा? लांब की आखूड?

ज्या माणसाचं आयुष्य शाळेच्या स्टाफरूममध्ये गेलं त्याला ‘कायम’ आणि ‘तात्पुरता’ या दोन शब्दांचं वजन निराळं सांगावं लागत नाही. म्हणून या प्रश्नाचा इतिहास थोडा खणून पाहिला. इतिहासाच्या मास्तराला दुसरं येतं तरी काय!

नॅशनल हॉकी लीग १९१७ साली मॉन्ट्रियलमध्ये स्थापन झाली. १९४२ ते १९६७ या काळात तिच्यात संघ होते फक्त सहा. या सहा संघांच्या मालकांनी आपसात नियम करून घेतलेले. खेळाडूचा करार साधारणपणे एका हंगामाचा असे. आता एका वर्षाचा करार म्हणजे आखूडच म्हणायचा. वर्ष संपलं की खेळाडू मोकळा, पटलं तर राहील, नाही तर दुसरीकडे जाईल, असं आपल्याला वाटेल. पण करारात एक राखीव हक्काचं कलम होतं. मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क क्लबचाच. त्याने पुढच्या वर्षी खेळायचं तर याच क्लबकडून, नाही तर घरी बसायचं. क्लबला मात्र त्याला विकायची, खालच्या संघात धाडायची मुभा. म्हणजे कागद एका वर्षाचा आणि बांधिलकी जन्माची.

हे वाचताना मला आपल्याकडचा सालगडी आठवला. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. तोंडी हिशेबाने तो दर वर्षी मोकळा होतो. पण अंगावर घेतलेली उचल फिटलेली नसते, म्हणून पाय त्याच वाड्यात अडकलेला राहतो. तरी सालगड्याला एक वाट असे. दुसऱ्या कुणी उचल फेडली तर तो तिकडे जाऊ शके. या हॉकीपटूंना तीही वाट नव्हती.

उचलीवरून आठवलं. तिथे ‘सी फॉर्म’ नावाचा एक कागद असे. पंधरा-सोळा वर्षांच्या, कधी त्याहूनही लहान पोराकडून किंवा त्याच्या आईबापांकडून क्लब त्यावर सही घेई. थोडे पैसे हातावर ठेवले की मुलगा पुढे कधी व्यावसायिक खेळाडू झालाच, तर तो त्या क्लबचा. ओंटारियो प्रांतातल्या पॅरी साउंड या लहानशा गावच्या बॉबी ऑरने १९६२ साली चौदाव्या वर्षी बॉस्टनच्या अशा कागदावर सही केली. मोबदला काय? थोडी रोख रक्कम, आणि घराच्या भिंतींना बाहेरून गिलावा. हा मुलगा पुढे जगातल्या सर्वश्रेष्ठ बचावपटूंमध्ये गणला गेला. त्याच्या आईबापांना दोष देण्याचं मला कारण दिसत नाही. हातावर पोट असलेल्या घराला आज होणारा गिलावा दिसतो. मुलाची पुढची वीस वर्षं कुणाला दिसतात?

गॉर्डी हाउची गोष्ट याहून बोलकी आहे. १९४६ साली अठराव्या वर्षी तो डेट्रॉइटच्या संघात आला आणि १९७१ पर्यंत पंचवीस हंगाम तिथेच खेळला. सुरुवातीला सही करताना त्याने वर काही मागितलं असेल, तर ते संघाचं एक जाकीट! वर्षानुवर्षं मालक सांगत राहिले, तुझ्याइतका पगार आम्ही कुणाला देत नाही, आणि हा भला माणूस ते खरं मानत राहिला. १९६८ च्या सुमारास त्याच्याच संघातल्या बॉब बॉनने त्याला सांगितलं, की मला तुझ्यापेक्षा जास्त मिळतात. हाउने मालकाकडे जाऊन एक लाख डॉलर मागितले, आणि मालकाने ते फारशी खळखळ न करता देऊन टाकले. त्या तत्परतेतच सगळं आलं. इतकी वर्षं एकेका वर्षाचा करार दर वर्षी नव्याने होत होता. म्हणजे भाव वाढवून मागायची संधीही दर वर्षी येत होती. पण दुसरीकडे जायची सोय नाही आणि शेजाऱ्याला काय मिळतं तेही ठाऊक नाही, अशा माणसाच्या हातात आखूड करार हे हत्यार होतच नाही.

हे बदलायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. १९५७ साली डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने आणि मॉन्ट्रियलच्या डग हार्वेने खेळाडूंची संघटना काढायचं ठरवलं. लिंडसेची त्याच वर्षी शिकागोला रवानगी झाली आणि संघटना मोडली. पुन्हा संघटना उभी राहायला १९६७ साल उजाडावं लागलं. मग १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग निघाली. तिने बॉबी हल या नामांकित खेळाडूला विनिपेगला दहा वर्षांचा करार देऊन नेलं आणि सहीच्या वेळीच दहा लाख डॉलर दिले. नॅशनल लीगने जुन्या राखीव कलमाचा आधार घेऊन खेळाडूंना अडवायला पाहिलं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या न्यायालयात न्यायमूर्ती लिऑन हिगिनबॉथम यांनी तिला मनाई केली. वाड्याचा दरवाजा पहिल्यांदा किलकिला झाला तो तेव्हा.

दरवाजा उघडल्याबरोबर काय झालं? जे खेळाडू जन्मभराच्या बांधिलकीतून सुटले होते, ते आता स्वखुशीने लांबलचक करार करू लागले. वरवर पाहता हे विचित्र वाटतं. त्यातला सर्वांत गाजलेला करार एडमंटनचाच. १९७८ साली नेल्सन स्काल्बानिया या धंदेवाईक माणसाने सतरा वर्षांच्या वेन ग्रेट्झकीला इंडियानापोलिसच्या संघासाठी करारबद्ध केलं. आठ सामने होतात न होतात तोच पैशाची चणचण म्हणून त्याला एडमंटनच्या पीटर पॉकलिंग्टनला विकून टाकलं. २६ जानेवारी १९७९ ला, म्हणजे ग्रेट्झकीच्या अठराव्या वाढदिवशी, बर्फाच्या मैदानाच्या मधोमध टेबल मांडून, भर प्रेक्षकांसमोर, त्याने सही केली. करार एकवीस वर्षांचा! १९९९ पर्यंतचा. अठरा वर्षांच्या पोराने आपल्या जगून झालेल्या आयुष्याहून मोठा काळ एका सहीत लिहून दिला.

पुढे काय झालं ते तिथल्या पोराबाळांनाही पाठ आहे. ग्रेट्झकीने एडमंटनला चार वेळा स्टॅनली कप मिळवून दिला. आणि चौथ्या कपानंतर काही आठवड्यांतच, ९ ऑगस्ट १९८८ ला, मालकाने त्याला लॉस एंजेलिसला विकलं. व्यवहारात दीड कोटी डॉलर रोख होते. मधल्या काळात त्याचा करार बदलला होता हे खरं, पण मुद्दा तोच राहतो. एकवीस वर्षं त्याने एडमंटनला दिली होती, एडमंटनने त्याला नव्हे. योगायोग असा की तो खेळातून निवृत्त झाला १९९९ सालीच. फक्त तेव्हा त्याच्या अंगावर न्यूयॉर्कचा गणवेश होता.

तेव्हा लांब करार म्हणजे स्थैर्य, हे अर्धंच खरं. लांब करार पैशाची हमी देतो, जागेची देत नाही.

आता उलट बाजू. बॉबी ऑरने १९७१ मध्ये बॉस्टनशी पाच वर्षांचा करार केला, वर्षाला दोन लाख डॉलर, एकूण दहा लाख. लीगच्या इतिहासातला हा पहिला दहा लाखांचा करार. त्याने १९७० आणि १९७२ साली बॉस्टनला कप मिळवून दिला, पण त्याचा डावा गुडघा पुन्हा पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जात होता. १९७६ मध्ये करार संपला तेव्हा ऑर अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याचा एजंट ॲलन ईगलसन, जो खेळाडूंच्या संघटनेचाही प्रमुख होता, त्याने त्याला शिकागोला नेलं. बॉस्टनने क्लबची जवळजवळ साडेअठरा टक्के मालकी देऊ केली होती आणि ते आपल्याला कळूच दिलं गेलं नाही, असं ऑरचं म्हणणं. शिकागोकडून तो तीन वर्षांत मिळून सव्वीस सामने खेळला आणि तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. देण्याघेण्याचा हिशेब केला तर हाती जवळजवळ काही उरलं नव्हतं. ईगलसनला पुढे १९९८ साली फसवणुकीबद्दल शिक्षा झाली, पण ती वेगळी कथा. आपल्या विषयापुरतं सांगायचं तर, हॉकीपटूचं सगळं भांडवल त्याच्या दोन गुडघ्यांत असतं आणि ते बँकेत ठेवता येत नाही.

क्लबच्या बाजूनेही एक कैफियत आहे, तीही ऐकली पाहिजे. १९९३ साली ओटावा संघाने अलेक्झांडर डेग या अठरा वर्षांच्या मुलाला सर्वांत पहिल्या क्रमांकाने निवडलं आणि त्याने एकही सामना खेळण्याआधी पाच वर्षांचा, सव्वा कोटी डॉलरच्या घरातला करार दिला. हा मुलगा दुसरा ग्रेट्झकी होणार अशी हवा होती. तो झाला नाही. साधारण खेळाडू ठरला आणि करार संपायच्या आधीच ओटावाने त्याला दुसरीकडे पाठवलं. त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकाने निवडलेला ख्रिस प्रॉन्गर मात्र थोर खेळाडूंच्या पंक्तीत जाऊन बसला. मी तीस वर्षं निकालपत्रकं भरली. दहावीतला पहिला नंबर पुढे कुठे जातो आणि मागच्या बाकावरचा कुठे पोचतो, याचा अंदाज मला कधी बांधता आला नाही. मग हॉकीच्या निवड समितीला तो यावा असं कसं म्हणायचं?

डेगच्या प्रकरणाने मालक हादरले. १९९४-९५ चा हंगाम टाळेबंदीमुळे निम्म्यावर आला, आणि १९९५ च्या तडजोडीत नवख्या खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आली. २००४-०५ मध्ये तर पुन्हा टाळेबंदी होऊन सबंध हंगामच रद्द झाला. त्यानंतरच्या करारात अठरा ते एकवीस वर्षांच्या मुलाचा पहिला करार तीनच वर्षांचा असेल आणि पगाराला ठरावीक कमाल मर्यादा असेल, असा नियम झाला. प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावरही मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती होती तीन कोटी नव्वद लाख डॉलर.

तीन वर्षं हा आकडा वाचून मी जरा थबकलो. आपल्याकडे महाराष्ट्रात २००० सालापासून शिक्षणसेवक आले, तेही तीन वर्षांचेच. तीन वर्षं मानधन, मग वेतनश्रेणी. माझ्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या स्टाफरूममध्ये असे तरुण शिक्षक होते. वर्ग तोच, तपासायच्या वह्या तेवढ्याच, आणि हातात पडणारी रक्कम माझ्या पगाराच्या शेजारी ठेवायला लाज वाटावी अशी. तरी ती मुलं टिकून राहत, कारण चौथ्या वर्षी काय होणार ते कागदावर लिहिलेलं होतं. नव्या माणसाला पारखून घ्यायला तीन वर्षं मागणं गैर नाही. पारख झाल्यावर त्याचं काय करणार हे आधी सांगितलं पाहिजे, एवढंच.

हॉकीत तिथेच खरी मेख आहे. मुलाचे तीन वर्षांचे करारपत्र संपते तेव्हा तो साधारण एकवीस-बावीस वर्षांचा असतो. पण पूर्ण मोकळा व्हायला वयाची सत्ताविशी गाठावी लागते किंवा लीगमध्ये सात हंगाम पुरे व्हावे लागतात. तोवर त्याच्यावर जुन्या क्लबचा पहिला हक्क. जुनं राखीव कलम गेलं, पण त्याची सावली पहिल्या सात वर्षांवर अजून आहे. या मधल्या काळातला दुसरा करार किती वर्षांचा करायचा, हाच त्या वर्तमानपत्रांतल्या वादाचा विषय. काही जण दोन-तीन वर्षांचा छोटा करार करतात. त्याला तिथे ‘पुलाचा करार’ म्हणतात, अलीकडून पलीकडे जाण्यापुरता. काही जण एकदम सात-आठ वर्षांचा करून टाकतात.

पुलाच्या कराराचं नमुनेदार उदाहरण मॉन्ट्रियलच्या पी. के. सुबानचं. त्याला लांबचा करार हवा होता, क्लबला नको होता. जानेवारी २०१३ मध्ये दोन वर्षांवर तोड निघाली, एकूण साडेसत्तावन्न लाख डॉलर. त्याच हंगामात सुबानला सर्वोत्तम बचावपटूचा किताब मिळाला! २०१४ मध्ये त्याच क्लबला त्याला आठ वर्षांसाठी सात कोटी वीस लाख द्यावे लागले. आधीच लांब करार केला असता तर क्लबला तो कितीतरी स्वस्तात पडला असता. इथे आखूड कराराचा फायदा खेळाडूला झाला. पण गोष्ट संपली नाही. नव्या करारात, त्याच्या संमतीशिवाय बदली करता येणार नाही अशी अट १ जुलै २०१६ पासून लागू होणार होती. क्लबने त्याला २९ जूनला नॅशव्हिलला पाठवून दिलं. दोन दिवस आधी! कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस दोन्ही बाजूंना लागतो तो असा.

आणि दुसरं उदाहरण कोलोराडोच्या नेथन मॅकिननचं. २०१६ साली, विसाव्या वर्षी, त्याने सात वर्षांचा करार केला, वर्षाला त्रेसष्ट लाख डॉलर. बघता बघता तो लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक झाला, आणि त्याच्यापेक्षा कमी कुवतीचे लोक त्याच्यापेक्षा जास्त पगार घेऊ लागले. संघांची पगारमर्यादा वाढत जाते. २००५ च्या तीन कोटी नव्वद लाखांवरून ती २०२५-२६ मध्ये साडेनऊ कोटींच्या वर गेली. त्यामुळे आज भरपूर वाटणारा आकडा पाच वर्षांनी किरकोळ दिसतो. मॅकिननच्या स्वस्त करारामुळे क्लबला बाकीचे चांगले खेळाडू जमवता आले आणि २०२२ मध्ये कोलोराडोने कप जिंकला. त्याच वर्षी त्याने आठ वर्षांचा नवा करार केला, वर्षाला एक कोटी सव्वीस लाख. बरोबर दुप्पट.

लोक म्हणतात, मॅकिननचं केवढं नुकसान झालं. मला तसं वाटत नाही, आणि या सगळ्या खटाटोपातून माझ्या हाती लागलं ते इथेच आहे. ते नुकसान नव्हे, तो विम्याचा हप्ता होता. विम्याचं पत्र घेतलं आणि घराला आग लागली नाही, म्हणून हप्ता वाया गेला असं शहाणा माणूस म्हणत नाही.

आग लागते तेव्हा काय होतं, ते न्यूयॉर्क आयलंडर्सचा गोलरक्षक रिक डिपिएट्रो याच्याकडे पाहून कळतं. २००६ साली, चोविसाव्या वर्षी, त्याला पंधरा वर्षांचा करार मिळाला, पावणेसात कोटी डॉलरचा. त्या क्लबची तेव्हा जगाने टिंगल केली. दोन हंगाम बरे गेले. मग कंबर, गुडघे, एकामागून एक दुखापती. पुढच्या पाच हंगामांत मिळून तो जेमतेम पन्नास सामने खेळला. एका हंगामात ब्याऐंशी सामने असतात, म्हणजे बघा. २०१३ मध्ये क्लबने करार मोडला. राहिलेल्या रकमेचा दोनतृतीयांश भाग, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख, सोळा वर्षांत वाटून द्यायचा ठरला. २०२९ पर्यंत दर वर्षी पंधरा लाख. हॉकीच्या गप्पांत हे नाव आजही हसण्यावारी नेतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ऑरचा गुडघा गेला तेव्हा त्याच्याजवळ काही उरलं नाही. डिपिएट्रोचे गुडघे गेले तेव्हा घरात चूल पेटत राहिली. दोघांमध्ये तीस वर्षांचं अंतर आहे, आणि खेळाडूंच्या हातातल्या कागदाचं.

बरं, क्लब बुडाला का? नाही. असाच लांब करार वॉशिंग्टनने २००८ साली बावीस वर्षांच्या अलेक्झांडर ओवेच्किनला दिला होता, तेरा वर्षांचा, बारा कोटी चाळीस लाखांचा. तो करार पुरा झाला, त्याच मुदतीत २०१८ चा कप आला, आणि पुढच्या करारात, एप्रिल २०२५ मध्ये, ओवेच्किनने ग्रेट्झकीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. एका क्लबचा सट्टा फसला, दुसऱ्याचा साधला. क्लबच्या पदरी एका वेळी तेवीस खेळाडू असतात. एकाचा गुडघा गेला तर बावीस उरतात. खेळाडूकडे एकच शरीर असतं. जोखीम सारखीच असली तरी ती तेवीस जणांत वाटून घेणारा आणि एकट्याने उचलणारा, यांच्यात फरक आहे. म्हणून लांब कराराला क्लबने घाबरणं आणि खेळाडूने घाबरणं, या दोन भीती एका तराजूत घालता येत नाहीत.

लांबीचा अतिरेकही झाला. २०१० मध्ये न्यू जर्सीने इल्या कोव्हालचुकला सतरा वर्षांचा करार दिला. पगारमर्यादेत सरासरी धरली जाते, म्हणून शेवटची वर्षं नाममात्र पगाराची लावून सरासरी खाली आणायची, ही त्यातली युक्ती. लवादाने तो करार रद्द ठरवला. मग २०१३ च्या तडजोडीत मर्यादा आली, आपल्या खेळाडूला आठ वर्षं, बाहेरच्याला सात. २०२५ साली ठरलेल्या नव्या सामुदायिक करारात ती आणखी एकेका वर्षाने उतरवून सात आणि सहा केली आहे.

तरुण खेळाडूला इशारा द्यावा असा एक नियम मात्र फारसा कुणी सांगत नाही. क्लबने करार मध्येच मोडला तर सव्विशी ओलांडलेल्या खेळाडूला उरलेल्या रकमेचे दोनतृतीयांश मिळतात. सव्विशीच्या आतल्याला मात्र एकतृतीयांशच. म्हणजे ज्याला विम्याची गरज सर्वांत जास्त, त्याचाच विमा सर्वांत तोकडा. आठ वर्षांच्या कराराची पहिली काही वर्षं दिसतात तेवढी भक्कम नसतात.

शेवटी पुन्हा एडमंटन. कॉनर मॅकडेव्हिड हा आजचा तिथला ग्रेट्झकी. २०१७ साली विसाव्या वर्षी त्याने आठ वर्षांचा, दहा कोटी डॉलरचा करार केला. २०२४ आणि २०२५ अशी दोन वर्षं ओळीने संघ अंतिम फेरीत पोचून हरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने नवी सही केली. आठ वर्षांचा करार त्याला सहज मिळत होता, आणि वर्षाला मागेल ती रक्कमही. त्याने घेतली फक्त दोन वर्षं, आणि तीही जुन्याच भावाने, वर्षाला सव्वा कोटी. मला कप जिंकायचा आहे, दोन वर्षांत संघ कसा बांधता ते पाहतो, असाच त्याचा अर्थ सगळ्यांनी लावला. ज्या गावात १९७९ साली अठरा वर्षांच्या मुलाने एकवीस वर्षं लिहून दिली, तिथेच अठ्ठावीस वर्षांच्या माणसाने क्लबला दोन वर्षांची मुदत दिली.

हे वाचून एखादा तरुण म्हणेल, बघा, आखूड करारच बरा. पण मॅकडेव्हिडला दोन वर्षांची सही परवडली ती आधीच्या आठ वर्षांचे पैसे गाठीशी असल्यामुळे. त्यामागे १९७२ चा तो न्यायालयाचा निर्णय आहे, १९६७ ची संघटना आहे, आणि १९५७ मध्ये शिकागोला धाडलेला टेड लिंडसेही आहे. हाउकडे दर वर्षी आखूड करार होता आणि तो वर्षानुवर्षं कमी पगारावर खेळला.

म्हणून मला कुणी विचारलंच, तर मी सांगेन ते असं. पहिला कागद आखूडच असू दे, कारण अठराव्या वर्षी तुझं तुलाच ठाऊक नसतं आणि क्लबलाही. दुसरा कागद लांब मिळत असेल तर चार पैसे कमी घेऊन घे, विशेषतः घरी पाठीशी कुणी नसेल तर. त्या कमी पैशांबद्दल नंतर हळहळू नकोस. आणि गाठीला पुरेसं जमलं की मग खुशाल दोन वर्षांची सही कर, आणि मालकाला तुझी वाट पाहू दे. मात्र तिन्ही वेळा, किती वर्षं हे विचारण्याआधी, मुदत संपल्यावर मी कुणाचा, आणि मध्येच मोडलं तर माझ्या हाती काय, हे दोन प्रश्न विचार. बॉबी ऑरच्या घरच्यांना ते विचारायला कुणी सांगितलं नव्हतं.